दीपमालाला काय येतं

शिवांजली, वही आण आन म्या सांगते तसं लिही. मधी सुधारायचं न्हाय. तुझी आई बाजारला गेलीया तवर उरकू. ती आली की "आत्या, राहू द्या की" म्हणून तोंड फिरवून बसल. वाचणाऱ्याला कळाय पायजे म्हणून आधी एवढं लिही, म्या अयोध्या, अणदूरची, शाळंची पायरी न चढलेली. आन हे सांगतीया ते माझ्या सुनंचं, दीपमालाचं हाय.

तिला पैल्यांदा बघितलं ते तामलवाडीला, तिच्या बापाच्या घरी. सोळा वर्सं झाली. तुझा आजा, तुझा बाप इंद्रजित, त्याचा परंड्याचा मामा आन म्या, चौघं गेलो व्हतो. मधी पाट मांडला व्हता. ती आली, एकेकाच्या पाया पडली आन पाटावर बसली. आमच्याकडं रीत हाय, पोरीनं मान खाली घालून बसायचं, विचारलं तेवढंच बोलायचं, आन कुणी मोठ्यानं "ऊठ बाई" म्हणल्याबिगर उठायचं न्हाय. नाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, शिक्षण विचारलं. "बारावी सायन्स," म्हणली. एवढ्या बारीक आवाजात की तुझा आजा माझ्या कानाला लागून विचारतोय, "काय म्हणली गं?"

म्या विचारलं, "सैपाक येतो का?"

"थोडा थोडा येतो. शिकन."

"शिवणकाम?"

"थोडं थोडं येतं. शिकन."

तितंच माझ्या मनात भरली. पोरगी गरीब हाय म्हणलं. पुढं घरात आल्यावर कळलं, बापाच्या घरी सात माणसांचा सैपाक ही बारा वर्सांची असल्यापासून करत व्हती. हिच्या भाकरीला आमच्या गल्लीत जोड न्हाय. तरी "थोडं थोडं". आता तसंच म्हणायचं असतं. "येतो" म्हणली असती तर म्याच वाटंत म्हणले असते, लई आगाव दिसतीया, नको.

निघताना आमी "कळवतो" म्हणलो आन बारा दिवस कळवलंच न्हाय. तसंबी करायचं असतं. लगीच व्हय म्हणलं की पोराकडचे हलके दिसत्यात. हे बारा दिवस तू ध्यानात ठेव, पुढं लागतील.

लगीन होऊन आली ती आवाज न करता राहिली. हिनं भांडं ठेवलं तर वाजायचं न्हाय. माझा आवाज म्हणशील तर खंडोबाच्या देवळापतूर जातो, त्यामुळं घरात दुसऱ्याच्या आवाजाला जागाबी नव्हती म्हणा. तू झालीस, तुला कडंवर घेऊन रान केलं, जनावरं केली. तुझा बाप टेम्पो घेऊन सोलापूर-उमरगा करायचा, तुझा आजा दिवसभर रानात, घरात आमी दोघी. म्या बोलायची, ती "व्हय आत्या" म्हणायची. असं आमचं बरं चाललं व्हतं. निदान मला तरी तसं वाटायचं.

चार वर्सांमागं बलभीमअण्णाच्या दूध केंद्रावर फॅटची मशीन आली. दूध घातलं की आकडे दावती. अण्णानं चष्मा लावून दोन दिवस बटणं दाबली आन तिसऱ्या दिवशी गावात विचारत सुटला, सायन्स कोण शिकलंय? शिकलेले बाप्ये समदे पुण्याला गेलेले. राहिली ती आमची दीपमाला. अण्णा दारात आला, म्हणला, "वैनी, सुनंला सकाळ-सांजच्याला दोन दोन घंटे धाडा." म्या म्हणलं, "धाडते, पर जनावरांचं उरकून." तशी ती जायला लागली. तिथं जाऊन ती काय करती, हे म्या चार वर्सांत एकदाबी बघाय गेले न्हाय. दूध मोजती, म्हणलं, आणखी काय.

मग गेल्या दिवाळीनंतर एक दिवस इंद्रजित जेवताना म्हणला, "नळदुर्गच्या रस्त्याला एका मोठ्या डेअरीचं दूध गार करायचं केंद्र झालंय बघ, तिथं तपासणीला माणूस पायजे. मुलाखती घेणार हायती." असंच बोलला तो, गावातली खबर सांगावी तशी. दीपमाला भाकरी वाढत व्हती. वाढली न्हाय. हातातच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या डोक्याला तेल लावत व्हती. मधीच बोटं थांबली.

"आत्या, मी जाऊ का?"

"कुठं?"

"मुलाखतीला."

म्या म्हणलं, "हितं अण्णाकडं हाय की काम. तिथं काय निराळं हाय?"

तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणली, "तिथं लॅब आहे. काचंची भांडी, नळ्या, सगळं. बारावीत असताना आमच्या कॉलेजात तशी खोली होती. त्यानंतर परत तसल्या खोलीत मी पाय ठेवला नाही."

शिवांजली, सोळा वर्सांत तुझ्या आईनं माझ्याकडं लुगडं मागितलं न्हाय, माहेरी जायाचं दोन दिवस जास्त मागितलं न्हाय. ही पैली गोष्ट मागितली. आन तीबी माझ्या पाठीमागं बसून, तोंड दिसणार न्हाय अशी. म्या म्हणलं, "जा. आन अशी तशी जाऊ नको, तुला म्या तयार करते."

आता मुलाखत म्हणजे काय ते मला कुठं ठावं? इंद्रजितनं सांगितलं, चार मोठी माणसं बसत्यात, आपल्याला आत बोलवत्यात, बघत्यात, विचारत्यात आन मग कळवतो म्हणत्यात. म्या म्हणलं, एवढंच व्हय, हे तर मला तोंडपाठ हाय. गावातल्या किती पोरी म्या तयार केल्या, बघायला येणाऱ्यांनी एकीलाबी नाकारलं न्हाय.

तवा तिला बसवून शिकवलं. डोक्यावर पदर घ्यायचा. आत गेल्यावर वयानं मोठा असंल त्याला आधी नमस्कार, मग वळीनं समद्यांना. नजर खाली. विचारलं तेवढंच बोलायचं. आपल्याला काय येतं ते आपल्या तोंडानं सांगत बसायचं न्हाय, लोकांना आपसूक कळतं. "येतं का" म्हणले तर "थोडं थोडं येतं, शिकन" म्हणायचं. चार दिवस म्या खाटंवर साहेब होऊन बसले आन तिच्याकडून घोटून घेतलं. तू मधी म्हणलीस, "आजी, तसं नसतं, मोबाईलवर बघू की मुलाखत कशी असती." म्या तुला गप बसवलं. हेबी लिही. लिहिलंस? बरं.

मुलाखतीच्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं गेली आन दुपारच्याला आली. चप्पल काढली, पाय धुतले, चुलीकडं गेली. म्या मागं मागं.

"काय झालं गं?"

"काही नाही आत्या. तुम्ही सांगितलं तसंच केलं."

"मग?"

"साहेब म्हणाले मशीन चालवता येतं का. म्हटलं, थोडं थोडं येतं, शिकेन. मग म्हणाले भेसळ ओळखता येते का. म्हटलं, थोडी थोडी. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, कळवू. मी बसून राहिले."

"का?"

"ऊठ म्हणाले नाहीत ना कोणी. शेवटी शिपाई आला, म्हणाला, ताई, झालं तुमचं."

आठ दिवसांनी कळलं, दुसऱ्या कुणाला घेतलं. त्या बाप्याला तीन महिन्यांचा अनुभव व्हता. दीपमालाला चार वर्सांचा. ती जनावरांना वैरण टाकाय गेली. गोठ्यात गेल्यावर रडली असंल तर मला ठावं न्हाय, भांड्यासारखीच ती, आवाज यायचा न्हाय.

आमच्या भिंतीला भिंत लागून हसीनाबीचं घर. शिवणकाम करती, माझ्याएवढीच म्हातारी, आन जिभंला हाड न्हाय. तिला म्या समदं सांगितलं. मशीनवरचा पाय थांबला तिचा.

"अगे अयोध्या," म्हणती, "तू बहू कू नौकरी के वास्ते भेजी थी की निकाह के वास्ते?"

म्या म्हणलं, "का गं? रीतीनं बोलाय शिकवलं."

"रीत!" तिनं तोंडातला दोरा थुकला. "दुकान में जाके दर्जी बोला, मेरे कू थोडा थोडा शिवना आता, तो तू उसकू कपडा देती क्या?"

खरं सांगते, तवा मला कळलं. म्याच घालवलं की गं तिचं काम. सोळा वर्सांमागं तिच्या ज्या "थोडं थोडं"वर म्या भुलले, तेच म्या तिच्या हातात देऊन धाडलं.

त्या दिवशी सांजच्याला हसीनाबीनं दीपमालाला बलावलं. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, मॅडम होऊन बसली. म्या शेजारी.

"बोल, मशीन चलाना आता?"

"थोडं..." म्हणली आन जीभ चावली. माझ्याकडं बघितलं. परत विचारलं, परत तेच. चार-पाच बारी झालं. शेवटी डोळ्यात पाणी आलं तिच्या. "नाही येत तोंडात," म्हणली.

म्या म्हणलं, "त्यात काय अवघड हाय? येतं म्हणायचं, झालं."

हसीनाबी माझ्याकडं वळली. "अच्छा? तू बोल. बाळंतपण करना आता क्या तेरे कू?"

तुला सांगते, या गावात दवाखाना व्हयाच्या आधी म्या चाळीस बाळंतपणं केली. एकबी पोर हातातून गेलं न्हाय. खुद्द हसीनाबीची दोन लेकरं माझ्या हातावर झाली. आन माझ्या तोंडातनं काय निघालं? "येतं की थोडंबहुत."

"थोडे में चालीस बच्चे?" हसीनाबी हसून हसून खाटंवर आडवी झाली. "पूरा आता तो क्या करती गे?"

दीपमालाबी हसली. तोंडाला पदर लावून, पर आवाज करून. म्यातर खुळ्यावाणी बसले. सत्तर वर्सं या तोंडानं बडबड केली, आन स्वताबद्दल एक शब्द नीट म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून म्या दूध केंद्रावर गेले. तिला सांगितलं न्हाय. कोपऱ्यावर चिंचंच्या आडोशाला उभी राहिले. पंधरा-वीस बाप्ये कॅन घेऊन रांगंत, आन पुढं खिडकीत माझी सून. पदर कमरंला खोचलेला. उत्तरेश्वर उभा व्हता तिच्यापुढं, तो वरच्या आळीचा, मिशावाला, ज्याच्याफुडं पोलीस पाटीलबी दबकून बोलतो.

ती म्हणली, "भाऊ, यात पाणी आहे."

तो म्हणला, "माझ्या म्हशीनं पाणी जास्त पिलं असंल."

समदे हसले. ती हसली न्हाय. "नुसतं पाणी असतं तर डिग्री, म्हणजे दाटपणाचा आकडा, उतरली असती. तुम्ही वरनं साखर टाकून ती चढवलीय. हे दूध मी घेणार नाही. उद्या नीट आणा, घेते." आन मोठ्यानं, माझ्यापतूर आलं ऐकू, "पुढचा कॅन!"

उत्तरेश्वरानं कॅन उचलला आन मुकाट बाजूला झाला. बलभीमअण्णा आतल्या खुर्चीत च्या पीत व्हता, त्यानं मान वरबी केली न्हाय. म्हणजे हे रोजचंच.

म्या तिथंच चिंचंखाली दगडावर बसले. हा आवाज तिच्यापाशी व्हता. रोज सकाळी घरातनं घेऊन जायाची आन परत येताना आमच्या उंबऱ्याबाहीर ठेवून यायची. चार वर्सं.

घरी आली तवा म्या म्हणलं, "म्या आले व्हते केंद्रावर." तिचं तोंड उतरलं. तिला वाटलं, बाप्यांपुढं पदर खोचून मोठ्यानं बोलली म्हणून आता सासू बोलणार. म्या म्हणलं, "आजपासनं या घरात तसंच बोलायचं. माझ्या भाजीत मीठ कमी असलं तर तसंच सांगायचं."

तिनं खाली बघितलं. मग म्हणली, "कमी नसतं आत्या. जास्तच असतं."

सोळा वर्सं खाल्लीया बिचारीनं!

मग रोज सांजच्याला आमचा खेळ. म्या आन हसीनाबी साहेब, ती समोर. कवा कॅन हलवून दाखव म्हणायचं, कवा सांग म्हणायचं नमुना कसा घ्यायचा. माझ्यापुढं तिला अवघड जायाचं, हसीनाबीपुढं सोपं. म्हणून म्या मुद्दाम पुढं बसायची. "थोडं" निघालं की हसीनाबी टेपनं हातावर फटका मारायची. नोकरी तर गेलीच व्हती, पर आमी खेळ सोडला न्हाय. का ते मलाबी सांगता यायचं न्हाय.

दोन महिन्यांनी डेअरीतनंच फोन आला. घेतलेला माणूस पुण्याला गेला. परत मुलाखती घेणार, यायचं तर या.

ह्या खेपंला म्या तिच्यासंगं गेले. आत मला कोण सोडणार? शिपायानं बाहीर खुर्ची दिली. खिडकीला जाळी व्हती, आतलं समदं ऐकाय येत व्हतं. तेच साहेब व्हते. कागद चाळत म्हणले, "तुम्ही मागंही आला होतात. मशीन थोडं थोडं येतं म्हणाला होतात."

म्या खुर्चीचा हात धरून बसले. जाळीकडं बघायचं धाडस झालं न्हाय.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले, साहेब."

"म्हणजे?"

"मला थोडं येत नाही. पूर्ण येतं. अणदूरच्या केंद्रावरची मशीन चार वर्षं मी एकटी चालवते."

एका बाईचा आवाज आला, "मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"आमच्याकडं सांगत नाहीत, मॅडम."

आतली माणसं हसली. पर वाईट हसली न्हाईत. मग साहेबांनी कुणाला तरी सांगून बाहीरच्या कॅनमधनं दूध आणवलं आन म्हणले, "हे तपासून दाखवा."

तिनं विचारलं, "कॅन हलवून नमुना घेतलाय का?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हलवला नसेल तर हा मी तपासणार नाही. वरची साय आलीय यात, फॅट जास्त दाखवेल. दुसरा आणायला सांगा."

अगदी तस्सं, उत्तरेश्वराला म्हणलेलं तसं. म्या बाहीर एकटीच हसले. शिपाई बघतच राहिला माझ्याकडं.

बाहीर आली तवा तिच्या कपाळावर घाम व्हता. "काय म्हणले?"

"कळवतो म्हणाले."

मग आमी दोघी रोडला गाडीची वाट बघत बसलो. तो शब्द माझ्या डोक्यातनं जाईना. "दीपमाला," म्या म्हणलं, "आमीबी तुला तसंच म्हणलो व्हतो. ते बारा दिवस तू काय केलंस गं?"

ती रस्त्याकडं बघत म्हणली, "बाबांचा मोबाईल वाजला की चुलीपुढून उठून दाराशी यायचे. बाबा बघायचे आणि म्हणायचे, कंपनीचा आहे. बारा दिवस कंपनीचाच फोन यायचा."

"आमाला तर वाटंतच पसंत पडली व्हतीस," म्या म्हणलं. "परंड्याच्या मामानं गाडीतच तारीख काढली व्हती."

"मग?"

म्या जवळ सरकले. तिचा हात घेतला हातात. दुधाचा वास येत व्हता त्याला. म्या म्हणलं, "चुकलं बाई आमचं." तिनं हात काढला न्हाय. गाडी आली तवर तसंच बसलो.

नऊ दिवस गेले. फोन वाजला की ती उठायची, आन तिच्या आधी म्या उठायची. दोन बारी कंपनीचाच व्हता. नवव्या दिवशी ती दूध केंद्रावर असताना वाजला. तिथनं घरापतूर ती पळत आली, पदर खोचलेला तसाच, आन दारातनं वरडली, "आत्या! घेतलं!" पलीकडं हसीनाबीची मशीन थांबली. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

पैल्या दिवशी कामावर जायला निघाली तवा दारात माझ्या पाया पडली. आमच्याकडं मोठ्यानं "ऊठ बाई" म्हणूस्तवर वाकलेलं राहायचं असतं, तिला ते पक्कं ठावं. म्या तोंड उघडलं, मनात लई काय काय म्हणायचं व्हतं. तेवढ्यात फाट्यावर नळदुर्गच्या गाडीनं हॉर्न वाजवला. म्या काय म्हणायच्या आत ती उठली, डबा उचलला आन पळाली. वळणावर चप्पल निसटली, ती हातात घेतली आन तशीच पळाली.

म्या दारातच उभी. आशीर्वाद तोंडातच राहिला. मग म्हणलं, घरातल्या घरात म्हणून टाकावा, पर तोंडातनं मोठ्यानं निघालं ते हसीनाबीच्या त्या बाळंतपणाच्या सवालाचं उत्तर, "मला येतं."

चुलीवर भाजी लागली व्हती. मीठ बघितलं. जास्त झालं व्हतं.